देल्फोरचं शिसं

बेकरीतून आणलेला पाव देल्फोर एचारी घरी आल्यावर पुन्हा तोलायचा. त्यासाठी स्वयंपाकघरात एक जुना पितळी काटा कायमचा मांडलेला असे. त्याची बायको नील्दा माते या कडू पाल्याच्या चहासाठी पाणी तापवता तापवता विचारायची, "काय, आज किती मारला?"

"आज बरोबर आहे."

"मग तोंड का पडलंय?"

देल्फोर पाव पुन्हा एकदा काट्यावर ठेवायचा. पाव बरोबर भरला की त्याला बरं वाटण्याऐवजी आपल्याच नजरेतून काहीतरी सुटलं असं वाटायचं. चोरी सापडली नाही म्हणजे चोरी झालीच नाही, इतका भाबडा विचार त्याने जन्मात कधी केला नव्हता.

यात सगळा दोष त्याचा नव्हता. कोलोनिया बर्नार्दा या गावाच्या धान्य सहकारी संस्थेत तो बत्तीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर बसला होता. भरलेला ट्रक काट्यावर आला की ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर तीन-तीन माणसं श्वास रोखून पडलेली असायची, आणि रिकामा ट्रक तोलायची वेळ आली की तीच माणसं लांब निलगिरीखाली सिगरेट ओढत उभी. अशी कित्येक माणसं देल्फोरने टाचेला धरून बाहेर ओढली होती. एकदा तर खुद्द पाद्रीबाबांचा भाऊ निघाला. देल्फोरने त्याला विचारलं, "तुमची नोंद कशात करू, सोयाबीनमध्ये की मक्यात?"

असा माणूस गावच्या मोटारशर्यतींना तपासनीस म्हणून मिळाला, हे क्लबचं भाग्य आणि शर्यतवाल्यांचं दुर्दैव. धान्याच्या कोठारांमागे दोन किलोमीटरचा मातीचा ट्रॅक होता. महिन्यातल्या एका रविवारी तिथे शर्यत व्हायची, आणि संपली की पहिल्या तीन गाड्या थेट जाळीच्या कुंपणात यायच्या. तिथे देल्फोर त्यांना उघडायचा. खिशात लोहचुंबक, कानामागे पेन्सिल, हातात दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेला लांब दांड्याचा आरसा. पेट्रोल तो नुसत्या नाकाने ओळखायचा. तो "साफ" असं लिहीत नाही तोवर विजेता विजेता नव्हता. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

जिंकणाऱ्याला लगाम हवा म्हणून क्लबचा एक नियम होता. जो जिंकेल त्याच्या गाडीवर पुढच्या शर्यतीला दहा किलो शिसं लादायचं. पुन्हा जिंकला तर आणखी दहा. ते लादायचं कुठे, हे देल्फोरनेच ठरवलं होतं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. तेव्हा सगळ्या गाड्या मागच्या चाकांच्या ताकदीवर पळणाऱ्या. मग शिसं गाडीच्या अगदी नाकावर, रेडिएटरच्याही पुढच्या आडव्या पट्टीवर बसवायचं. नाक जड झालं की शेपूट हलकी होते, मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ती मातीत नुसती भिरभिरतात. "ओझं द्यायचं तर जिथे दुखेल तिथे द्यावं," असं तो क्लबच्या बैठकीत म्हणाला होता. शिसं तो स्वतः बोल्टाने आवळायचा, वरून तार ओवायचा आणि तारेवर स्वतःचा शिक्का दाबायचा. त्या शिक्क्याला हात लावणारा वर्षभरासाठी बाद.

तीन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा क्लबने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनाही दार उघडलं. विरोधात एकच हात वर झाला होता. तो कुणाचा, हे सांगायला नको.

त्यावरून क्लबच्या बारमध्ये दर शुक्रवारी जुंपायची. देल्फोरचं मत ठाम होतं. "पुढच्या चाकांनीच वळायचं आणि पुढच्यांनीच ओढायचं? म्हणजे एकाच माणसाने मांसही भाजायचं आणि टेबलंही पुसायची! मांस करपणार नाही तर काय? मागून ढकलणारी गाडी बघा. पुढची चाकं वाट दाखवतात, मागची जोर लावतात. वळण आलं की शेपूट बाहेर फेकायची, स्टिअरिंग उलटं धरायचं आणि पायाच्या अंगठ्यावर गाडी नाचवायची. याला म्हणतात चालवणं. तुमची ती पुढून ओढणारी वळणात जास्त जोर दिला की सरळ कुंपणाकडे निघते."

"पण डॉन देल्फोर, त्या सोप्या असतात म्हणे," प्यूजो ५०४ चालवणारा क्रेन्झ मुद्दाम काडी टाकायचा. त्याची गाडी मागून ढकलणारी, आणि दोन वर्षं तोच विजेता.

"सोप्या असतातच. सरळ रस्त्यावर, पावाच्या गाडीला."

मग कोपऱ्यातल्या टेबलावरून इलारियो बोरेत्तोचा शांत आवाज यायचा, "देल्फोर, घोडा गाडीच्या पुढे जुंपतोस की मागे?"

बार हसायचा. देल्फोर त्याच्याकडे न बघताच म्हणायचा, "घोड्याला स्टिअरिंग नसतं." आणि व्हर्मुथचा ग्लास रिकामा करून उठायचा.

तो इलारियोकडे न बघताच बोलायचा, याला कारण होतं. दोघं शाळेत एका बाकावरचे. तरुणपणी इलारियो गाडी चालवायचा आणि देल्फोर शेजारी मांडीवर वही घेऊन वळणं ओरडायचा. पुढे देल्फोर तपासनीस झाला, आणि एकोणीस वर्षांपूर्वी, वर्षाच्या शेवटच्या शर्यतीनंतर, इलारियोच्या कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या पितळी नळीचं भोक त्याला नियमापेक्षा केसभर मोठं सापडलं. त्याने बाद केलं. इलारियोचं आयुष्यातलं एकमेव विजेतेपद हातचं गेलं. तो भांडला नाही, रडला नाही, सामान गोळा करून घरी गेला. तेव्हापासून दोघांत "शुभ दिवस" आणि बारमधले टोमणे एवढंच उरलं होतं. न भांडलेल्या माणसाची देल्फोरला जास्त धास्ती वाटायची. भांडण झालं असतं तर हिशेब मिटला असता. हा गप्प बसला म्हणजे मनात काहीतरी धरून बसला, असं त्याचं पक्कं मत होतं.

आता इलारियो साठीला टेकला होता. दिवसभर गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. यंदा त्याने एक जुनी रेनॉल्ट १२ आणली, पुढून ओढणारी, भोपळ्याच्या रंगाची. लोक हसले. मोसमातल्या पहिल्या दोन शर्यतींत तो पाचवा-सहावा आला. तिसरी जिंकला.

"एखाद्याला लागतो मटका," देल्फोर म्हणाला. गाडी उघडली, काही निघालं नाही. त्याने दहा किलो शिसं नाकावर आवळलं, शिक्का मारला.

चौथी शर्यतही इलारियो जिंकला. पाचवीही. सहावीला त्याच्या गाडीवर तीस किलो होते, आणि तो क्रेन्झच्या पुढे तीन गाड्यांचं अंतर ठेवून आला. देल्फोरच्या मनात पाल चुकचुकत होती, ती आता ओरडायलाच लागली. ओझं वाढवावं तशी गाडी जोरात पळते, असं त्याने बत्तीस वर्षांत एकाही ट्रकच्या बाबतीत पाहिलं नव्हतं. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्याच शर्यतीत तो कोठाराच्या वळणावर दुर्बीण घेऊन उभा राहिला होता. तिथे रस्ता चढाला लागतो. इलारियो वळणात शिरला तेव्हा गाडीचे मागचे लाल दिवे लागलेले होते, म्हणजे ब्रेक दाबलेला, आणि इंजिन मात्र पूर्ण ताकदीने ओरडत होतं. देल्फोरला वाटलं, सापडला! दिव्यांची वायर खोटी जोडलीय, मागच्याला फसवायला.

कुंपणात त्याने वायर तपासली. खरी होती.

"दोन्ही एकदम कसं?" त्याने विचारलं. त्या वर्षात इलारियोकडे बघून बोललेलं "शुभ दिवस" सोडून हे पहिलंच वाक्य.

इलारियो टायरवर बसून संत्रं सोलत होता. "डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर. पुढची चाकं ओढत राहतात, मागची अडतात, मग शेपूट आपोआप फिरते. तुझ्या त्या ढकलणाऱ्या गाड्यांची शेपूट फेकायला अ‍ॅक्सिलरेटर लागतो, हिला ब्रेक लागतो. तुम्ही लोक गाडीला वळवता, मी हिला वळू देतो."

"आणि जोर कुठून येतो?"

इलारियोने संत्र्याची फोड पुढे केली. "खाणार?"

देल्फोरने घेतली नाही. प्रश्न टाळणारा माणूस त्याला फार ओळखीचा होता.

त्या महिन्यात त्याचं जेवणावरून लक्ष उडालं. रविवारची राव्हियोली गार व्हायची. "तू त्या माणसाची एवढी उलटतपासणी करतोस," नील्दा म्हणाली, "एकदा सरळ जाऊन बस ना त्याच्यासमोर. विचार, बाबा, मनात काय आहे?"

"चोराला विचारून चोरी कळते का?"

"तो चोर आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"चार वेळा जिंकला!"

"मग तूही माझ्याशी लग्न करताना जिंकलासच की. मी शोधलं का तुझ्यात काही?"

सातवी शर्यत इलारियो नाकावर चाळीस किलो घेऊन जिंकला. आता एकच शर्यत उरली होती. त्यात तो तिसरा आला तरी वर्षाचा विजेता ठरणार होता. देल्फोरने जाहीर केलं की विजेती गाडी आज धान्याच्या काट्यावर तोलली जाईल. दुपारचे चार वाजले होते. निम्मा गाव चोरिसो सॉसेजचे पाव हातात घेऊन मागे निघाला.

आजवर गाडी अख्खी तोलली जायची. आज देल्फोरने ट्रकवाल्यांची रीत काढली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर. ताडून बघायला त्याने औषधवाल्याची रेनॉल्टही आणवली. तिचा सांगाडा तोच आणि तीही पुढून ओढणारी, पण ती कधीच जिंकली नव्हती, म्हणून तिच्यावर शिसं नव्हतं. औषधवाल्याची पुढची चाकं भरली पाचशे चाळीस किलो. इलारियोची भरली पाचशे नव्वद.

देल्फोरचे डोळे चमकले. "पन्नास जास्त!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "शिसं मी चाळीसच लावलंय. वरचे दहा किलो कुणाचे?"

गर्दीत कुजबुज झाली. क्रेन्झने चावा घेतलेला पाव तसाच धरून ठेवला. इलारियो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "शोध."

देल्फोरने शोधलं. बंपर उतरवला, दिवे काढले, पोकळ पट्ट्यांत तार घालून पाहिली, बॅटरी उचलून हाताने तोलली. दीड तास गेला. चिलीम लपवता येईल अशी जागाही सोडली नाही. दहा किलो काय, दहा ग्रॅम जास्तीचं निघालं नाही. त्याचे गुडघे सोलले होते आणि लोक आता त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले होते.

"झालं?" इलारियोने विचारलं. "आता मागची चाकं तोल."

"मागच्यांचा काय संबंध?"

"तोल तर."

औषधवाल्याची मागची चाकं तीनशे साठ होती. इलारियोची तीनशे पन्नास निघाली.

देल्फोर काट्याकडे बघतच राहिला. बत्तीस वर्षं आकडे वाचलेला माणूस, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. जास्तीचे दहा किलो मागून पुढे आले होते. शिसं पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेलं, म्हणून त्याने सी-सॉच्या फळीसारखी शेपूट उचलली होती आणि तिचा भारही नाकावर आणला होता. नेमकं यासाठीच तर त्याने ती जागा निवडली होती.

"तुझा हिशेब बरोबरच होता रे," इलारियो हळू आवाजात म्हणाला. "फक्त माझी गाडी मागून ढकलत नाही. जोर लावणारी माझी चाकं पुढे आहेत. त्या चढावर ती माझी नुसती भिरभिरायची, म्हणून मी पाचवा-सहावा यायचो. मग एकदा नशिबाने जिंकलो, आणि तू माझ्या चाकांवर दहा किलो पकड ठेवलीस. पुढच्या वेळी आणखी दहा. दर वेळी बोल्ट आवळून, वर शिक्का मारून."

क्रेन्झ पहिला हसला. मग सगळेच हसले, पोट धरधरून. औषधवाला म्हणाला, "डॉन देल्फोर, मलाही लावा ना दहा किलो!"

देल्फोरचे कान लाल झाले. त्याला लाज वाटली, खरी लाज, आणि तिच्या पाठोपाठ रागही आला. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या विजयानंतर."

"आणि बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तू नुसता शोधत होतास."

रात्रभर विचार करून देल्फोरने सोमवारी कागद तयार केला. शिसं नाकावर न लादता जोर लावणाऱ्या चाकांपासून दूर लादायचं, म्हणजे पुढून ओढणाऱ्या गाडीला डिकीत. पण मोसमाच्या मध्येच नियम बदलायचा तर क्लबच्या घटनेप्रमाणे सगळ्या चालकांच्या सह्या लागत. अकरा जणांनी हसत हसत सह्या केल्या. बारावी सही इलारियोची हवी होती. ती केली तर वर्षाचं विजेतेपद बहुतेक जाणार. एकोणीस वर्षांपूर्वीचं गेलं ते देल्फोरच्याच हाताने, आणि आता हेही तोच मागायला चालला होता.

इलारियो एका गोठ्यात यंत्राखाली आडवा होता. देल्फोरने वाटेत सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती. तो नाही म्हणाला तर हे सांगायचं, चिडला तर ते. "हे बघ," त्याने सुरुवात केली, "न्यायाने बघायचं तर..."

इलारियोने हात लांब केला, कागद घेतला, न वाचता सही केली आणि परत दिला. कागदावर दुधाचा ओला अंगठा उठला.

देल्फोर जागचा हलेना. "वाचलंही नाहीस?"

"काय लिहिलंय ते माहितीये. गेल्या दोन शर्यती मला चैन पडत नव्हती रे. जिंकत होतो, पण कोण जिंकतंय तेच कळेना. मी, का तुझं शिसं?"

घरी जाताना सायकलवर देल्फोर पुन्हा पुन्हा तेच घोळवत होता. इतक्या सहज सही केली? यात काय डाव असेल? डिकीतलं ओझं याला वळणात फायद्याचं ठरत असेल का? त्याने सगळ्या बाजूंनी पारखून पाहिलं. डाव सापडला नाही, आणि या वेळी ते त्याला पावाच्या वजनासारखं नुसतं खटकलं नाही, आत कुठेतरी दुखलं.

शेवटच्या शर्यतीला इलारियोच्या डिकीत पन्नास किलो होते. कोठाराच्या चढावर त्याची पुढची चाकं धुरळा उडवत जागच्या जागी फिरत, आणि मागून ढकलणाऱ्या प्यूजो त्याला एकेक करून मागे टाकत. देल्फोर कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून बघत होता. प्रत्येक फेरीला इलारियो चढावर जे गमवायचा ते पुढच्या दोन वळणांत डाव्या पायाने ओरबाडून परत मिळवायचा. क्रेन्झ पहिला आला. शेवटच्या फेरीत इलारियो चौथा होता, आणि शेवटच्या वळणाला त्याने आतल्या बाजूने नाक घुसवलं. तो तिसरा आला, फार तर हातभर अंतराने. तिसरा म्हणजे वर्षाचा विजेता. गाडी साफ निघाली तर.

तीन गाड्या कुंपणात आल्या. देल्फोरने क्रेन्झची उघडली, दुसऱ्याची उघडली, नेहमीसारखी. मग तो भोपळी गाडीपाशी आला. बाहेर गाव जाळीला चिकटून उभं होतं. त्याने कानामागची पेन्सिल काढली, फळीवरच्या कागदावर इलारियोच्या नावापुढे लिहिलं "साफ", आणि वळला.

"काय लिहिलंस?" इलारियोने मागून विचारलं.

"साफ."

"बघितलंस कधी?"

"बघायची गरज नाही."

इलारियो गाडीतून उतरला. चेहरा धुळीने भरलेला, डोळ्यांभोवतीच काय ती कातडी दिसत होती. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"त्या वर्षी गरज होती, आणि आज नाही? आज मी जिंकलोय तर आज तुला दया आली? उद्या हीच माणसं म्हणतील, म्हाताऱ्या बोरेत्तोला दोस्ताने भीक घातली. मला नको तुझी भीक, देल्फोर. उघड ती. क्रेन्झची उघडलीस त्याच्याहून जास्त उघड. तुझ्याइतका संशयी माणूस दहा गावांत नाही, त्याने शोधून काही सापडलं नाही, तरच मी जिंकलो. नाहीतर नाही."

देल्फोरने लिहिलेला शब्द खोडला. बाही वर सारली, खाली गुडघ्यावर बसला आणि बॉनेट उचललं.

त्याने एकही नट सोडला नाही. बोटं काळी झाली, पाठ धरली, पण त्याने घाई केली नाही. आणि सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं की हात आत घालताना तो मनात म्हणत होता, काही सापडू नये. जिथे हात अडखळला तिथे तो दोनदा गेला, तीनदा गेला. दीड तासाने तो उठला तेव्हा त्याला नीट उभंही राहता येईना. इलारियोने त्याला दंडाला धरून सावरलं.

"काय?" इलारियोने विचारलं.

देल्फोर फळीवरच्या कागदाकडे वळला. त्याने पेन्सिल उचलली आणि तो शब्द पुन्हा लिहिला, या वेळी ठळक, आणि खाली आपली सही केली.